कॅम्पर व्हॅनला स्टेअरिंगवरची गिअर पॅडल्स बसवताना: घाटात गाडी उतरवणाऱ्या नवख्यांसाठी

बेळगावातून कुठंही फिरायला निघा, घाट लागतोच. गोव्याला जायचं तर चोर्ला किंवा अनमोड, सावंतवाडीला आंबोली, चंदगडवरून दोडामार्गाला तिलारी. कोल्हापूरच्या दिशेनं हमरस्ता धरला तरी वंटमुरीचा लहानसा उतार आहेच. त्यात अलीकडं आपल्या भागात जुनी ऑटोमॅटिक गाडी घेऊन, मागची बाकं काढून, पलंग, पाण्याची टाकी, गॅसची शेगडी आणि बॅटऱ्या बसवून कॅम्पर करणारे वाढलेत. गाडी छान होते, पण जड होते, आणि जड गाडी घाट उतरताना वेगळी वागते.

माझे मामा बेळगावातून गोव्याला भाजीपाला घेऊन जाणाऱ्या लॉरीवर होते. मी पहिल्यांदा माझी कॅम्पर घेऊन चोर्ला उतरलो तेव्हा ते शेजारी बसले होते. तिसऱ्या वळणानंतर त्यांनी माझ्या पायाकडं बघितलं आणि म्हणाले, "ब्रेकवरनं पाय काढ की रे. ज्या गिअरात चढतोस त्याच गिअरात उतरायचं असतंय."

"मामा, गाडी ऑटोमॅटिक आहे. गिअर ती बघते."

"ती बघंल खरं, तिला पुढचं वळण कुठं दिसतंय?"

ही अडचण खरी आहे. डी (ड्राइव्ह) मध्ये ठेवलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स वेग आणि अॅक्सिलरेटर बघून गिअर ठरवतो. उतारावर आपण अॅक्सिलरेटर सोडला की बऱ्याच जुन्या गाड्या वरचा गिअर टाकतात, इंजिन मोकळं पडतं आणि सगळा भार ब्रेकवर येतो. स्टेअरिंगवरची, बोटांनी गिअर बदलायची पॅडल्स यासाठी हवीत. शर्यतीच्या गाडीसारखं दिसावं म्हणून बसवत असाल तर हा खटाटोप करू नका. तसा या पॅडल्सचा जन्म शर्यतीतच झाला. 1989 मध्ये फेरारीनं फॉर्म्युला वनच्या गाडीत ती आणली आणि नायजेल मॅन्सेलनं त्याच गाडीनं ब्राझीलची शर्यत जिंकली. आपल्याला मात्र त्यातला एकच गुण हवाय: हात स्टेअरिंगवरून न काढता गिअर बदलता येणं.

भार किती असतो याचा एकदा हिशेब करून बघा. सामानासकट 2,500 किलोची गाडी 700 मीटर खाली उतरली तर सुमारे 17 मेगाज्यूल ऊर्जा कुठंतरी जिरवावी लागते. घरच्या मीटरच्या भाषेत ती जवळजवळ पावणेपाच युनिट वीज झाली. त्यातली काही हवा आणि टायर खातात, बाकीची एकतर इंजिनानं अडवायची नाहीतर चार चाकांच्या ब्रेकनी तापून बाहेर टाकायची. ब्रेक ऑईल उकळलं तर पेडल थेट फळीला टेकतं. नवं डॉट 3 ऑईल किमान 205 अंशांपर्यंत टिकतं, पण ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि मग ही मर्यादा 140 पर्यंत उतरू शकते. डॉट 4 चे हेच आकडे 230 आणि 155. कणकुंबी-आंबोलीच्या पावसात आणि दमट हवेत वर्षानुवर्षं फिरलेल्या गाडीचं ऑईल बदललेलं नसेल तर पॅडल्सचा खर्च बाजूला ठेवा आणि आधी ते बदला. माझ्या ओळखीतल्या प्रत्येक नवख्याला मी हेच पहिलं काम सांगतो.

तुमच्या गाडीला पॅडल्स लागतात का, हे आधी ठरवा

ट्रॅव्हलर किंवा विंगरवर बांधलेल्या बहुतेक कॅम्पर हाताच्या गिअरच्या असतात. क्लच पायात आणि गिअर दांड्यानं टाकायचा, अशा गाडीला पॅडल्स लावून काही होत नाही. पॅडल म्हणजे फक्त एक बटण. ते गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरला "एक वर" किंवा "एक खाली" असा निरोप देतं. निरोप घेणारा कॉम्प्युटरच नसेल तर पुढचं सगळं व्यर्थ.

गाडी ऑटोमॅटिक असेल तर दांडा डी वरून बाजूला ढकलून बघा. तिथं एम किंवा एस असं अक्षर आणि + व − अशा खुणा असतील, आणि दांडा हलवल्यावर मीटरवर 1, 2, 3 असे आकडे बदलत असतील, तर काम होण्यासारखं आहे. जुन्या पद्धतीचा डी, 3, 2, एल असा सरळ रांगेतला दांडा असेल तर पॅडलचा विचार सोडा. उतारावर दांडा 2 वर ओढा, मामांचं म्हणणं तेवढ्यानंही पाळलं जातं.

एक बारकावा कंपनीच्या पुस्तिकेत बघून घ्या. काही गाड्यांत दांडा एस मध्ये असताना मीटरवर दिसणारा 4 म्हणजे "चौथा गिअर" नसतो, "चौथ्यापर्यंत कुठलाही" असा त्याचा अर्थ असतो. अशा गाडीत घाटासाठी तुम्हाला वाटतं त्यापेक्षा एखादा आकडा खाली यावं लागतं. पॅडल बसवल्यावर "गाडी धरतच नाही" म्हणून तक्रार करणाऱ्यांची बऱ्याचदा हीच गफलत झालेली असते.

पॅडल्स विकत घ्यायच्या आधी महिनाभर दांड्याचीच + आणि − वापरून घाट उतरा. तेवढ्यात समाधान झालं तर पैसे वाचले. मला पॅडल्स लागल्या त्याचं कारण साधं होतं. मी दोन सीटच्या मधे खोका बसवला होता, त्यामुळं दांड्यापर्यंत हात नेताना कोपर अडायचं आणि नजर रस्त्यावरून हटायची.

काय विकत घेऊ नये

ऑनलाइन "पॅडल शिफ्टर" म्हणून शोधलं की अल्युमिनियमच्या किंवा कार्बनसारख्या दिसणाऱ्या चकचकीत पात्यांची जोडी स्वस्तात दिसते. ती पाती मूळच्या पॅडल्सवर चिकटवून त्यांना लांब करण्यासाठी असतात. आत स्विच नाही, वायर नाही. गाडीला मुळात पॅडल नसेल तर ती फक्त शोभेची वस्तू. निपाणीच्या एका ओळखीच्या मुलानं ती मागवून दुहेरी टेपनं स्टेअरिंगच्या मागं चिकटवली आणि वायर कुठं जोडायची म्हणून मला फोन केला. बिचाऱ्याचे पैसे गेले ते गेलेच.

बिनवायरीचे संचही मिळतात. स्टेअरिंगवर बटण आणि त्यात नाण्याएवढा सेल, दांड्याजवळ रिसीव्हर. बसवायला सोपे आहेत, पण घाटाच्या मध्यावर सेल संपण्याची शक्यता असलेली वस्तू मी घाटासाठी लावणार नाही.

तीन मार्ग

पहिला आणि सगळ्यात स्वच्छ मार्ग म्हणजे कंपनीचेच भाग. तुमच्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला कारखान्यातून पॅडल्स येत असतील तर त्या मॉडेलचे स्विच, गरज पडली तर स्टेअरिंग आणि आतली क्लॉक स्प्रिंग (चाक फिरतानाही त्याच्यापर्यंत वीज पोचवणारी तारांची पट्टी), पार्ट नंबर जुळवून घ्यायची. युरोपात फोक्सवॅगनच्या टी 5 आणि टी 6 जातीच्या डीएसजी (दोन क्लचच्या ऑटोमॅटिक) गिअरबॉक्सच्या कॅम्परवर लोक हेच करतात. पॅडलवालं स्टेअरिंग बसवतात आणि स्कॅनर लावून स्टेअरिंगच्या कॉम्प्युटरला "आता पॅडल आहेत" असं कोडिंग करून सांगतात. कोडिंग केलं नाही तर सगळं नीट जोडूनही गाडी पॅडलला दाद देत नाही.

दुसरा मार्ग वायरिंगचा. दांड्याच्या + आणि − या स्विचना समांतर दोन बटणं जोडायची आणि ती स्टेअरिंगच्या चाकावर बसवायची. तारा क्लॉक स्प्रिंगमधून आणाव्या लागतात.

तिसऱ्या मार्गात वायरिंग तेच, पण पॅडल्स फिरणाऱ्या चाकावर न बसवता त्याच्या मागच्या स्थिर आवरणावर बसवायच्या. नवख्यांना मी हाच सुचवतो. चाक काढावं लागत नाही, एअरबॅगला हात लागत नाही, क्लॉक स्प्रिंगला धक्का लागत नाही. चाक वळलेलं असताना पॅडल हाताखाली राहत नाही हे खरं, पण वळणाच्या मधे गिअर बदलायचाच नसतो. खालचा गिअर वळणाआधी, चाक सरळ असताना टाकायचा.

दांड्याची वायर तपासणं

हे काम शांतपणे करा, कारण इथं चूक झाली तर गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर जाऊ शकतो आणि तो फार महागात पडतो. शक्य असेल तर गाडीचा वायरिंग नकाशा मिळवा. दांड्याभोवतीचं प्लॅस्टिकचं आवरण उचला आणि खालचा कनेक्टर शोधा. हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड लावलेले, इग्निशन चालू पण इंजिन बंद. ब्रेक दाबून दांडा एम मध्ये न्या. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून काळी पिन बॉडीच्या अर्थला लावा आणि लाल पिन कनेक्टरच्या मागच्या बाजूनं एकेका तारेला टेकवा.

माझ्या गाडीत पाच तारा होत्या. त्यातल्या एकीवर 12.1 व्होल्ट दिसत होते, आणि मित्रानं दांडा + कडं ढकलला की आकडा थेट शून्यावर यायचा. सोडला की परत 12.1. दुसरी तार − साठी तशीच वागली. याचा अर्थ स्विच फक्त त्या तारेला क्षणभर अर्थ देतो. अशी गाडी असेल तर काम सोपं: तुमचं पॅडल म्हणजे दाबल्यावर जुळणारं आणि सोडल्यावर उघडणारं बटण, एक टोक त्या तारेला, दुसरं अर्थला.

दांडा ढकलल्यावर आकडा शून्याऐवजी मधेच कुठंतरी थांबत असेल, समजा 5 वरून 2 किंवा 3, तर त्या गाडीत एकाच तारेवर वेगवेगळ्या रेझिस्टरनं निरोप जातात. आणि काहीच बदल दिसत नसेल तर निरोप डिजिटल आहे. या दोन्ही प्रकारांत साधं बटण जोडू नका. जाणकार ऑटो इलेक्ट्रिशियनकडं जा, नाहीतर कंपनीच्या भागांचा पहिला मार्ग धरा.

जोडणीसाठी 0.5 चौरस मिलिमीटरची बारीक तार पुरते, कारण इथून वीज जवळजवळ वाहतच नाही. तार पिळून टेप गुंडाळू नका. सोल्डर करा, त्यावर उष्णतेनं आकसणारी नळी चढवा, आणि मधे एक छोटा कनेक्टर ठेवा, म्हणजे काही बिघडलं तर तो उपसून गाडी पहिल्यासारखी करता येते. तारा दांड्यापासून डॅशबोर्डच्या खालून नेताना पेडलच्या दांड्यांपासून दूर बांधा. अर्थ नटबोल्ट घट्ट असलेल्या, रंग खरवडलेल्या जागी घ्या.

पात्यांचा आकार आणि जागा

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथ, फाउंड्री आणि पत्र्याचं काम करणारे इतके आहेत की पाती करून घ्यायला कुठं लांब जावं लागत नाही. पुठ्ठ्याचा नमुना कापा, सीटवर नेहमीसारखं बसा, हात घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी ठेवा. बोटं न ताणता पोचतील तिथं पातं हवं. उजवीकडचं + आणि डावीकडचं −, हा क्रम बदलू नका. उद्या गाडी दुसऱ्या कुणाच्या हातात गेली तर त्याचा गोंधळ होईल.

मी 2 मिलिमीटर जाड अल्युमिनियमची पाती करून घेतली. पहिल्या जोडीच्या कडा तशाच सोडल्या होत्या आणि इंडिकेटरचा दांडा वर ढकलताना बोटाचं पेर सोललं. दुसऱ्या जोडीच्या कडा कानशीनं गोल केल्या आणि लांबी कमी केली. इंडिकेटर आणि वायपरचे दांडे पूर्ण वर, पूर्ण खाली, पुढं, मागं करून बघा, कुठंही पातं अडता कामा नये. स्टेअरिंग वरखाली होत असेल तर पाती त्याच्याबरोबर हलणाऱ्या आवरणावरच बसवा. स्क्रू फक्त प्लॅस्टिकच्या आवरणात, आतून वॉशर देऊन. स्टेअरिंगच्या लोखंडी दांड्याला भोक पाडायचं नाही. अपघातात तो आकसून आत जावा म्हणून तसा बनवलेला असतो. गुडघ्याची एअरबॅग असेल तर तिच्या वाटेत ना पातं, ना तार.

स्टेअरिंगचं चाक काढायचंच असेल तर

पहिला किंवा दुसरा मार्ग निवडलात तर चाक काढावं लागतं, आणि एअरबॅगचं काम पहिल्यांदा करणाऱ्यानं एकट्यानं करू नये. तरी काय काय व्हायला हवं ते तुम्हाला माहीत पाहिजे, म्हणजे मिस्त्रीजवळ उभं राहून बघता येतं.

चाक अगदी सरळ. इग्निशन बंद. बॅटरीची निगेटिव्ह तार काढलेली आणि टोकाला कापड गुंडाळलेलं. कॅम्परमध्ये दुसरी बॅटरी आणि सोलर असतं, ते मुख्य बॅटरीला चार्जरमार्फत जोडलेलं असेल तर तेही तोडायचं. घरगुती बॅटरीतून वीज मागच्या दारानं येते हे मिस्त्रीच्या लक्षात राहत नाही. त्यानंतर थांबायचं. टोयोटा किमान 90 सेकंद सांगते, इतर काही कंपन्या जास्त. मी पंधरा मिनिटं थांबतो, चहा होतो.

एअरबॅग सुटली की तिचा शोभेचा भाग वर करून बाजूला ठेवायची, कधीही उलटी नाही. तिच्या पिवळ्या कनेक्टरवर साधा मल्टिमीटर लावायचा नाही. मग मधला नट ढिला करायचा, पण शेवटचे दोन-तीन आटे तसेच ठेवून. चाक घट्ट बसलेलं असतं, दोन्ही हातांनी ओढताना ते अचानक सुटतं, आणि नट पूर्ण काढलेला असेल तर तोंडावर येतं. चाक आणि स्टेअरिंगचा दांडा यांच्यावर एकमेकांसमोर खूण करून मगच ते वेगळं करायचं.

आता क्लॉक स्प्रिंग. ही घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली चपटी तारांची पट्टी, जिच्यामुळं चाक फिरत असतानाही हॉर्न आणि एअरबॅगपर्यंत वीज पोचते. चाक निघताक्षणी तिला चिकटपट्टी लावून जागच्या जागी धरून ठेवायची. माझ्या पहिल्या कामात हे झालं नव्हतं. गॅरेजातल्या पोरानं ती सहज बोटानं फिरवली, चाक बसलं, गाडी शहरात नीट चालली. जांबोटी ओलांडून पहिल्या मोठ्या वळणावर आतून कट्‌ असा आवाज आला, हॉर्न गेला आणि मीटरवर एअरबॅगचा लाल दिवा लागला. पट्टी एका बाजूला संपून तुटली होती. त्या क्षणापासून माझी एअरबॅग निकामी होती, आणि समोर सगळा चोर्ला उतरायचा होता. मी गाडी तिथूनच परत फिरवली. पट्टी फिरलीच असेल तर ती मध्यावर आणायची रीत प्रत्येक कंपनीची वेगळी असते, ती कंपनीच्या पुस्तकातूनच घ्यायची, अंदाजानं नाही.

पॅडलच्या तारांसाठी या पट्टीत मोकळे पदर आहेत का ते पिना मोजून बघा. क्रूझ कंट्रोलवाल्या मॉडेलच्या पट्टीत बहुधा जास्त पदर असतात. मोकळे नसतील तर वरच्या मॉडेलची पट्टी आणा. बाहेरून सुट्टी तार दांड्याभोवती गुंडाळून न्यायची नाही, ती एक दिवस अडकणारच. परत बसवताना नट टॉर्क पान्यानं, कंपनीनं दिलेल्या मापात. बॅटरी जोडल्यावर इग्निशन चालू करा: एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. लागूनच राहिला किंवा लागलाच नाही, तर गाडी बाहेर काढू नका.

चाचणी

उभ्या गाडीत चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा, हॉर्न वाजवत राहा. मग मोकळ्या मैदानात, रिकाम्या गाडीत, कमी वेगात एकेक गिअर वर आणि खाली. चौथ्यात 60 च्या वेगानं जाताना − दोन-तीनदा दाबा. इंजिन मर्यादेबाहेर फिरेल असा खालचा गिअर कॉम्प्युटर नाकारतो, काही गाड्या बीप वाजवतात. हा नकार म्हणजे बिघाड नाही. पॅडल दाबून धरलेलं असताना दांडा हलवला तर काय होतं तेही इथंच बघून घ्या, घाटात नको.

नंतर वंटमुरी. उतार लहान, रस्ता रुंद. तिथं दोन-तीन फेऱ्या झाल्या की सगळं सामान आणि पाण्याची टाकी भरून चोर्ला. घाटमाथ्यावर उतार सुरू व्हायच्या आधीच तिसरा किंवा दुसरा गिअर घ्या. वेग वाढत गेला तर ब्रेक थोडा वेळ ठामपणे दाबा, वेग खाली आला की सोडा, आणि मग − दाबा. ब्रेकवर पाय घासत ठेवायचा नाही. ओल्या रस्त्यावर एका वेळी एकच गिअर खाली, नाहीतर इंजिन ज्यांना फिरवतं ती चाकं झटका खातात. माझी गाडी आता चोर्ला बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्यात उतरते, आणि घाटाखालच्या केरीला पोचून चाकाजवळ हात नेला तर पूर्वीचा जळका वास येत नाही.

कागदपत्रं

पॅडलनं आरसीवरची कुठलीही नोंद बदलत नाही. पण मागची बाकं काढून कॅम्पर केलेली गाडी ही वेगळी गोष्ट आहे. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार आरसीवरच्या नोंदींपेक्षा वेगळा बदल परवानगीशिवाय करता येत नाही, आणि आसनसंख्या ही तशी नोंद आहे. मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस 124 हे वेगळं मानक आहे. विमा कंपनीला दोन्ही बदल लेखी कळवा. आपल्याकडं एक पाय बेळगावात आणि एक कोल्हापुरात असलेली घरं पुष्कळ, म्हणून हेही सांगतो: एमएच 09 ची गाडी 12 महिन्यांहून जास्त कर्नाटकात ठेवली तर इथली नोंदणी घ्यावी लागते.

पहिला पावसाळा झाला की गणपतीनंतर एकदा आवरण उघडा. खानापूरच्या पुढं जंगलात मुक्काम करणाऱ्यांच्या गाडीत आत दमटपणा साचतो आणि पॅडलच्या कनेक्टरच्या पिना हिरव्या पडायला लागतात. त्या पुसा, इलेक्ट्रिकल ग्रीसचा पातळ हात द्या, अर्थचा बोल्ट परत आवळा, आणि त्याच दिवशी ब्रेक ऑईलची तारीखही बघा.